उपग्रह किती उंचीवर आहे, आणि तिथे किती वाजलेत?

प्रश्न सांगलीच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचा आहे. त्यांचा गट दहा सेंटिमीटरच्या घनाएवढा एक छोटा उपग्रह बनवतोय, साधारण ५०० किलोमीटर उंचीच्या ध्रुवीय कक्षेसाठी. ती विचारते, "मॅडम, आम्हाला सांगितलंय की वर निर्वात आहे, तेव्हा उष्णता आणि प्रक्षेपणाची कंपनं एवढंच सांभाळा. पण वाचायला घेतलं की प्लाझ्मा, चुंबकीय वादळ, विद्युतभार हे सारखं समोर येतं. रिकाम्या जागेत उपग्रहावर वीज साठते कुठून? आणि ५०० किलोमीटर नि ३६,००० किलोमीटर यांत नेमका फरक काय?" जाता जाता तिने आणखी एक विचारलंय. तिचे मामा जत भागात रस्त्यांची मोजणी करतात. मार्चमध्ये संध्याकाळी साडेसात-आठनंतर त्यांच्या रोव्हरचा, म्हणजे जीपीएसवर जागा मोजणाऱ्या यंत्राचा, फिक्स (सेंटिमीटरपर्यंतची खात्रीची जागा) सारखा जातो आणि तो फ्लोटवर, म्हणजे अंदाजी वाचनावर, येतो. त्याचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तोही जवळचा. मामांकडे शेवटी येते.

मी उपग्रह नियंत्रण कक्षात एकोणतीस वर्षं काढली, त्यातली निम्मीअधिक रात्रपाळीत. आता साताऱ्यात असते. तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी "रिकामी जागा" हे डोक्यातून काढून टाक. ५०० किलोमीटरवर दिवसा एका घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे गुळाच्या छोट्या खड्याएवढ्या जागेत, काही लाख इलेक्ट्रॉन आणि तितकेच आयन असतात. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरच्या हवेतले अणू फोडून तयार केलेला हा प्लाझ्मा. उलट ३६,००० किलोमीटरवर, भूस्थिर कक्षेत, तेवढ्याच जागेत एखादा इलेक्ट्रॉन सापडला तर सापडला. कुणालाही वाटेल की धोका खालीच जास्त असणार. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी तसंच वाटायचं. प्रत्यक्षात बरोबर उलटं आहे, आणि ते उलटं का आहे हे एकदा कळलं की बाकीचं निम्मं आपोआप उलगडतं.

प्लाझ्मात कुठलीही वस्तू ठेवली की तिच्यावर इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही आदळतात. इलेक्ट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा १,८३६ पट हलका, त्यामुळे कितीतरी वेगवान. तो जास्त वेळा येऊन धडकतो आणि वस्तू ऋण होत जाते. कुठवर? तिचा ऋण भार नव्या इलेक्ट्रॉनांना मागे ढकलू लागेपर्यंत. आलेला इलेक्ट्रॉन थंड, मंद असेल तर त्याला परतवायला एखादा व्होल्टही पुरतो. तो हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा असेल तर त्याला थोपवायला उपग्रहाला हजारो व्होल्ट ऋण व्हावं लागतं. म्हणजे भार ठरतो तो प्लाझ्मा किती दाट आहे यावर नाही, किती तापलेला आहे यावर. तुझ्या ५०० किलोमीटरवरच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पाव भागाइतकीही नसते. भूस्थिर कक्षेत, रात्रीच्या बाजूला, ती दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते. तापमानाच्या भाषेत हे दहा कोटी अंशांच्या वर झालं, पण तिथे हात धरलास तर ऊब लागणार नाही, कारण कणच मूठभर.

त्यातून खालचा दाट, थंड प्लाझ्मा एक प्रकारे उपकारकच असतो. कुठे भार साचलाच तर आजूबाजूचे कण तो लगेच भरून काढतात. वर ती सोय नाही. वर उपग्रहाला वाचवतं ते ऊन. सूर्यप्रकाश पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन उडवतो, त्यामुळे उन्हातला उपग्रह उलट काही व्होल्ट धनच राहतो. पण ऊन गेलं की तो आधार सुटतो. १९६९ मध्ये सोडलेला अमेरिकेचा एटीएस-५ हा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरल्यावर सुमारे उणे दहा हजार व्होल्टपर्यंत गेला होता. त्या मोजमापानंतर हा विषय सगळीकडे गंभीरपणे घेतला जाऊ लागला.

आता दहा हजार व्होल्ट म्हटल्यावर घाबरायला होतं, पण अख्खा उपग्रह एकसारखा दहा हजारांवर गेला तर फारसं बिघडत नाही. हाय टेन्शन तारेवर कावळा निवांत बसतो तसंच ते. बिघडतं ते उपग्रहाचा एक भाग एका व्होल्टेजला आणि शेजारचा दुसऱ्या व्होल्टेजला गेला की. थर्मल ब्लँकेटचा एखादा तुकडा, अँटेनाच्या मागचा रंग, सोलर सेलवरची काच. यांतलं जे बाकीच्या सांगाड्याशी विजेने जोडलेलं नाही, त्यावर भार वेगळा साचतो आणि एका क्षणी ठिणगी पडते. हिवाळ्यात महाबळेश्वरला रात्री लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तोच प्रकार. फक्त इथे स्वेटरच्या आत संगणक असतो.

एक रात्र सांगते. मार्च महिना होता, माझी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात. उपग्रहाचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. पहाटे तीनच्या सुमाराला टेलिमेट्रीच्या, म्हणजे उपग्रहाकडून येणाऱ्या मोजमापांच्या, पानावर उपग्रहाचं तोंड स्थिर ठेवणाऱ्या एका फिरत्या चाकाच्या इलेक्ट्रॉनिक्सची ओळ हिरव्याची लाल झाली. कुणी कमांड पाठवली नव्हती. त्या पेटीने स्वतःहून आपली स्थिती बदलली होती. आम्ही प्रक्रियेप्रमाणे ती बंद केली, दुसरी चालू केली, उपग्रहाचं तोंड पृथ्वीवरून सरकायच्या आत सावरलं. चाळीस मिनिटं कुणी खुर्चीला पाठ टेकली नव्हती. सकाळी नोंदवहीत लिहिलं: कारण अज्ञात.

असल्या "कारण अज्ञात" नोंदी मागे जाऊन शोधल्या तर बऱ्याच निघाल्या. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं की तारखेप्रमाणे लावू नका, घड्याळाप्रमाणे लावा. मी ग्राफपेपरवर चहाची बशी उपडी ठेवून वर्तुळ काढलं. वर मध्यरात्र, खाली दुपार, आणि प्रत्येक घटनेचा एक लाल ठिपका. दुपारच्या बाजूला जवळजवळ काहीच नव्हतं. ठिपक्यांची गर्दी सगळी मध्यरात्र ते सकाळी सहा या पाव वर्तुळात झाली होती. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. ज्या गोष्टी स्वतंत्र बिघाड म्हणून वर्षानुवर्षं वेगवेगळ्या फायलींत पडल्या होत्या, त्यांचा पत्ता एकच निघाला.

मध्यरात्रीनंतरच का, हे समजून घे. सूर्याकडून ताशी नव्हे, सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सौरवारा, म्हणजे भारित कणांचा झोत, सतत येत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला दिवसाच्या बाजूला साधारण दहा पृथ्वी-त्रिज्यांवर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६४ हजार किलोमीटरवर अडवतं. रात्रीच्या बाजूला हेच क्षेत्र वाऱ्याने ओढून लांबच लांब शेपटीसारखं ताणलेलं असतं. सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं की पृथ्वीच्या उत्तरेकडे जाणाऱ्या चुंबकीय रेषांशी ते जोडलं जातं आणि शेपटीत ऊर्जा भरत जाते. गलोलीचं रबर ताणावं तशी. एका मर्यादेपलीकडे शेपटीतल्या रेषा तुटतात, नव्याने जोडल्या जातात, आणि तिथला तापलेला प्लाझ्मा पृथ्वीकडे फेकला जातो. तो येऊन पोचतो मध्यरात्रीच्या बाजूला. तिथून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांना पूर्वेकडे वळवतं आणि आयनांना पश्चिमेकडे. मध्यरात्रीच्या पूर्वेला काय असतं? पहाट. म्हणून तापलेले इलेक्ट्रॉन मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच्या पट्ट्यात उपग्रहांना गाठतात. त्यात पहाटेच्या उपग्रहाच्या एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला काळोख असतो. उन्हाची बाजू शून्याजवळ, सावलीची बाजू हजारो व्होल्ट ऋण. ठिणगीला आणखी काय हवं?

शिवाय मार्च आणि सप्टेंबरमध्ये विषुवदिनाच्या आजूबाजूला साधारण ४५ दिवस भूस्थिर उपग्रह रोज मध्यरात्री पृथ्वीच्या सावलीत जातात, ऐन दिवशी ७० मिनिटांच्या आसपास. योगायोग असा की चुंबकीय खळबळही वर्षात याच दोन हंगामांत जास्त असते.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट सोयीची आहे. आपले बरेच उपग्रह ७४, ८३ आणि ९३.५ अंश पूर्वेला उभे असतात. इन्सॅट-३डीआर हा हवामानाचा उपग्रह ७४ अंशांवर आहे आणि साताराही ७४ अंशांवरच. गच्चीवर थेट दक्षिणेला तोंड करून मान क्षितिजापासून जवळजवळ ७० अंश वर केली की नजर त्याच्यावरच असते, डोळ्यांना दिसत नसला तरी. म्हणजे त्याची मध्यरात्र ती आपली मध्यरात्र. आपल्या घड्याळात तीन वाजले की त्याचीही पहाट व्हायची असते. रात्रपाळीत मला याचा फार उपयोग झाला. अमेरिकेवरच्या उपग्रहाला मात्र आपल्या दुपारी धोका असतो. ५ एप्रिल २०१० ला गॅलेक्सी-१५ हा दळणवळण उपग्रह असाच, तिथल्या हिशेबाने मध्यरात्र उलटल्यावर, चुंबकीय खळबळ चालू असताना कमांड ऐकेनासा झाला. स्थिर विजेची ठिणगी हेच सर्वांत संभाव्य कारण मानलं गेलं. प्रक्षेपण चालूच, पण कुणाचं ऐकत नाही, अशा अवस्थेत तो आठेक महिने इतर उपग्रहांच्या जागांमधून सरकत राहिला. डिसेंबरात त्याची बॅटरी संपली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि मग तो हाताशी आला.

हे झालं पृष्ठभागावरच्या भाराचं. याहून कपटी प्रकार आतल्या भाराचा आहे.

१९५८ मध्ये एक्स्प्लोरर-१ वर जेम्स व्हॅन ॲलन यांनी एक साधा गायगर काउंटर पाठवला होता. वर गेल्यावर काही ठिकाणी तो शून्य दाखवायला लागला. कण नव्हते म्हणून नाही, इतके होते की काउंटरचा श्वास कोंडला. त्यातून पृथ्वीभोवतीचे दोन किरणोत्सारी पट्टे सापडले. आतला मुख्यतः प्रोटॉनांचा, बाहेरचा इलेक्ट्रॉनांचा. बाहेरच्या पट्ट्यातले दहा-वीस लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन एक-दोन मिलिमीटर ॲल्युमिनियम आरपार जातात आणि आतल्या केबलच्या आवरणात, सर्किट बोर्डाच्या प्लास्टिकमध्ये रुतून बसतात. तिथून भार निघून जायला वाट नसते. दिवसामागून दिवस साठत जातो आणि एके दिवशी थेट पेटीच्या आत ठिणगी पडते. २० जानेवारी १९९४ ला कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ई-२ हे दोन उपग्रह काही तासांच्या अंतराने डळमळले. चाकाच्या नियंत्रणाचं सर्किट गेलं होतं. त्याआधी आठवडाभर अशा वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा चालू होता. पहिला त्याच दिवशी सावरला, दुसऱ्याला परत कामाला लावायला काही महिने गेले.

इथे तुला सांगलीचंच उदाहरण देते, कारण नवीन मुलांना मी कायम तेच द्यायचे. कोयनेच्या पाणलोटात पाऊस पडतो, धरणातून विसर्ग सुटतो, आणि आयर्विन पुलाखालची पातळी वाढते ती नंतर. पाऊस थांबला म्हणून सांगलीकर निर्धास्त होत नाही. तो वरचा विसर्ग विचारतो आणि पातळी चाळीस फुटांवर गेली की सामान वर चढवतो, पंचेचाळीसची वाट बघत नाही. वेगवान इलेक्ट्रॉनांचं तसंच आहे. चुंबकीय वादळाच्या ऐन भरात ते उलट कमी होतात. वादळ ओसरायला लागल्यावर, एक-दोन दिवसांनी, त्यांचा पूर येतो. चुंबकावरणातल्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या जागेतल्या, काही रेडिओ लहरी इलेक्ट्रॉनांना धक्के देत देत वेगवान करतात, त्याला तेवढा वेळ लागतो. त्या लहरी ध्वनीत बदलून ऐकल्या तर पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारख्या लागतात. ऐकून बघ, मिळाल्या तर. मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा खिडकीबाहेर बघितलं होतं. तर नियंत्रण कक्षातला जुना माणूस वादळ संपल्याच्या बातमीने सैल पडत नाही. पुढचे दोन-तीन दिवस तो कुठलीही नाजूक कमांड मागे ठेवतो.

आणि वरच्या विसर्गाची खबर देणारं आता आपलंही एक ठाणं आहे. आदित्य-एल१, २ सप्टेंबर २०२३ ला सुटला आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर स्थिरावला. सौरवारा त्याच्यावरून जातो आणि नेहमीच्या वेगाने तासाभराने आपल्याकडे पोचतो. मोठ्या वादळात हा अवधी निम्म्यावर येतो. तासभर थोडा वाटतो, पण तेवढ्यात पाळीवरचा माणूस जागा होतो, चालू असलेलं काम थांबवतो आणि जादाची यंत्रणा तयार ठेवतो.

आता चुंबकीय क्षेत्राकडे. तुझ्या उपग्रहासाठी खरं महत्त्वाचं हेच. सांगलीत जमिनीवर पृथ्वीचं क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या थोडं वर आहे. ५०० किलोमीटरवर याच भागात ते एक-पंचमांशाने कमी होतं. भूस्थिर कक्षेत ते अवघं शंभराच्या आसपास उरतं. अंतराच्या घनाच्या प्रमाणात ते घटत जातं, म्हणून इतकी पडझड. त्यामुळे तुमच्या उपग्रहाला चुंबकीय टॉर्करने, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून, छान वळवता येईल. वर तेच वेटोळं जेमतेम कामाचं. शिवाय जोरदार वादळात सौरवारा चुंबकावरणाची दिवसाची भिंत भूस्थिर कक्षेच्याही आत दाबतो. तेव्हा उपग्रह थोडा वेळ उघड्यावर पडतो, भोवतालच्या क्षेत्राची दिशा उलटते, आणि टॉर्कर नेमका विरुद्ध बाजूला ढकलू लागतो. तुम्हाला ही अडचण नाही.

तुम्हाला अडचण आहे ती स्वतःच्या घरातल्या लोखंडाची. साताऱ्यात माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी यवतेश्वरच्या पठारावर नेते आणि होकायंत्र हातात देते. कमरेच्या उंचीवर धरलं की सुई नीट उत्तर दाखवते. तेच काळ्या कातळाला टेकवलं की काही ठिकाणी सुई हलते, आणि दोन पावलं सरकलं की वेगळीच हलते. कारण आपला कातळ बसाल्टचा, त्यात लोहाची चुंबकीय खनिजं भरलेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कोरली गेली. आंबेनळी घाटातल्या थरांत ती आजच्या उलट आहे, उत्तरेच्या जागी दक्षिण. आणि महाबळेश्वरच्या माथ्याकडच्या थरांत आजच्यासारखी. म्हणजे त्या घाटातून गाडी चढते तेव्हा आपण पृथ्वीचं क्षेत्र पलटलं तो काळ ओलांडून जातो. मला अजूनही तिथे गेलं की गाडी थांबवावीशी वाटते.

म्हणूनच मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली, तेव्हा इमारतीला इथला काळा दगड वापरला नाही. पोरबंदरचा अचुंबकीय दगड आणला. त्या कुलाब्याच्या वेधशाळेने १८४१ पासून नोंदी ठेवल्या, आणि सप्टेंबर १८५९ च्या महावादळात क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याची नोंद तिथल्या वह्यांत आहे. एरवीच्या वादळात ही घट शंभर-दोनशेची असते. पृथ्वीभोवती दहा हजार किलोमीटरच्याही वर आयन पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे फिरतात, तो एक प्रचंड विद्युतप्रवाह होतो, आणि त्याचं क्षेत्र आपल्या क्षेत्राच्या विरुद्ध लागतं. वर सांगितलेल्या त्याच कणांची ही जमिनीवरची सही.

तर अलिबागकरांनी जी काळजी घेतली तीच तुम्ही घ्या. मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, बॅटरीपासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवा. १८६५० सेलचं कवच पोलादी असतं आणि जोडपट्ट्या निकेलच्या. स्क्रू चुंबकाला चिकटतो का हे प्रत्येक स्क्रूसाठी बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. टॉर्कर चालू असताना मोजू नका, थोडं थांबून मोजा. आणि कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत करू नका. तिथे स्लॅबमध्ये सळया, टेबलाला लोखंडी पाय. मैदानाच्या मधोमध, गाड्यांपासून लांब, लाकडी स्टुलावर अख्खा जोडलेला उपग्रह सगळ्या बाजूंनी फिरवून घ्या. सांगलीला कृष्णाकाठची खोल काळी माती आहे, आमच्याइतका उघडा कातळ नाही, हे तुमचं भाग्य.

तुमच्या उंचीवरचा दुसरा धोका दक्षिण अटलांटिकवर आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे, ब्राझीलपासून आफ्रिकेच्या दिशेने, बरंच कमजोर आहे, त्यामुळे आतला प्रोटॉनांचा पट्टा खाली लोंबतो. तुमचा उपग्रह दिवसातून कित्येकदा त्यातून जाईल. हबल दुर्बीणसुद्धा तिथून जाताना निरीक्षण थांबवते. प्रोटॉन चिपमध्ये शिरला की मेमरीतला शून्याचा एक होतो, आणि कधी चिप एकदम जास्त वीज ओढायला लागते आणि ओढतच राहते. पहिल्यासाठी चूक दुरुस्त करणारी मेमरी आणि अडकलेला संगणक पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग. दुसऱ्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या चिपच्या वाटेत करंट मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडून पुन्हा जोडणारं सर्किट. हे दुसरं पैसे वाचवायला गाळायचा मोह होतो. गाळू नका. छोटे उपग्रह त्याच्याविना गेलेत. आणि नवीन सॉफ्टवेअर वर चढवायचं असेल तर त्या भागावर असताना फ्लॅश मेमरीवर लिहू नका.

ध्रुवीय कक्षा असल्याने उत्तर-दक्षिण ध्रुवांजवळच्या ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यातूनही जाल. तिथे वरचे तापलेले इलेक्ट्रॉन रेषांवरून थेट खाली येतात, आणि रात्री प्लाझ्मा विरळ असेल तर तुमच्या उंचीवरही शेकडो व्होल्ट भार होऊ शकतो. जपानचा मिदोरी-२ ऑक्टोबर २००३ मध्ये, ८०० किलोमीटरवर, असाच गेला. वीज सहा किलोवॉटवरून एकावर आली. तारांच्या जुडग्यात भार साचून ठिणग्या पडल्या असाव्यात असा निष्कर्ष निघाला. तुमचं पॅनेल पाच-सात व्होल्टचं, घाबरायचं कारण नाही. पण धातूचा प्रत्येक तुकडा आणि ब्लँकेटचा प्रत्येक थर सांगाड्याला जोडलेला असू द्या. शेतातल्या मोटारीचं अर्थिंग बघतो तितक्या साधेपणाने, मल्टिमीटर लावून, एकेक. मी पाहिलेल्या भार-अपघातांपैकी ज्यांचं कारण प्रक्षेपणाआधी जमिनीवर काढलेल्या फोटोंत शोधता आलं, त्यांत सुटलेली जोडणीच दिसली होती.

वादळाने हवाही फुगते, हे विसरू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह २१० किलोमीटरवर सोडले आणि एका मध्यम वादळाने वरची हवा दाटल्यामुळे सुमारे ४० परत खाली येऊन जळाले. ५०० वर हे दिवसांत होत नाही, पण आयुष्याचा हिशेब सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातलं कुठलं वर्ष आहे ते धरूनच करा.

एक विनंती. तुमच्या उपग्रहाचा संगणक जितक्या वेळा रीसेट होईल, तितक्या वेळा त्या क्षणाचे अक्षांश, रेखांश आणि तिथली स्थानिक वेळ टेलिमेट्रीत येऊ द्या. चार बाइट जास्त लागतील. सहा महिन्यांनी नकाशावर ठिपके लावून बघा.

आता मामा. त्यांचा रोव्हर चांगला आहे, दुरुस्तीला टाकू नका म्हणावं. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर आहेत, आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर यायच्या आधी त्याच दाट प्लाझ्मातून येतो ज्यात तुझा उपग्रह फिरणार आहे. सूर्य मावळला की या थराचा तळ झपाट्याने विरतो आणि माथा दाटच राहतो. जड वर, हलकं खाली. मग तळातून विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर उसळतात. पाण्याच्या तळातून हवा यावी तसे, पण शेकडो किलोमीटरचे. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं. बुडबुडे तिथे जन्मतात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिण पसरतात. पुरेसे उंच गेले की त्यांचं उत्तरेचं टोक जत-सांगलीवर येतं. त्यांच्या कडांवरून जाताना सिग्नल लुकलुकतो, रोव्हर लहरींची मोजणी चुकतो, फिक्स जातो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मावळतीची रेषा चुंबकीय रेषांना समांतर येते, तेव्हा हे जास्तीत जास्त होतं. आणि सूर्याच्या डागांचा भर असलेल्या वर्षांत तर रोजचंच. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून रात्रीच्या आकाशाची मंद लाल चमक कॅमेऱ्याने टिपतात. त्यात हे बुडबुडे काळे पट्टे होऊन पूर्वेकडे सरकताना दिसतात.

त्यांना सांग, या महिन्यांत महत्त्वाचे बिंदू साडेसहाच्या आत उरकावेत. रात्री काम अटळच असेल तर बारानंतर करावं, तोवर बहुतेक वेळा आकाश निवळतं. रोव्हरवर जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या तशाच इतर प्रणाली, सगळं चालू ठेवावं. एक-दोन उपग्रहांचा सिग्नल बुडबुड्यात अडकला तरी बाकीचे बाहेर असतात. फ्लोटवरचं वाचन फिक्स म्हणून कधी नोंदवू नये. आणि अंधार पडल्यावर फिक्स परत आला तरी पुढचा बिंदू घेण्याआधी दिवसा मोजलेल्या एखाद्या दगडावर रोव्हर उभा करून फरक बघावा. दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर पुढे जावं. नसेल तर ट्रायपॉड मिटवून घरी यावं.